दूध पाजायचा शिंपला

शिंपल्यातल्या मेणबत्त्यांना समुद्रच लागतो असं कुणी सांगितलं? आमच्या केदारखेड्यात पूर्णेच्या वाळूत पाहिजे तेवढे शिंपले सापडतात. बुद्धपौर्णिमेला विहारात लावायला म्हणून बायकोनं उरलंसुरलं मेण वितळवलं, दोऱ्याच्या वाती केल्या आन शिंपल्यांत ओतलं. एक शिंपला कमी पडला, तर तिनं फडताळातला उचलला. तो नेमका माझ्या आईचा निघाला. आम्हा भावंडांना, आमच्या लेकरांना आईनं त्याच शिंपल्यानं दूध पाजलेलं. आता बहिणीच्या तान्ह्यासाठी काढून ठेवल्ता.

बायको घाबरली. सासूला म्हणाली, "आत्याबाई, खरडून काढते मी."

आई म्हणाली, "तडा जाईल. जळू दे, आपोआप रिकामा हुईल."

संध्याकाळी विहारात शिंपले पेटवून वंदना चालू असतानाच लाइट गेली. बाकीचे शिंपले बाहेरून काळेच दिसत होते. आईचा मात्र राखेनं घासून घासून कागदावानी पातळ झाल्ता. तो सगळाच्या सगळा उजळला, गुलाबी, मधीच निळा.

आई कितीतरी वेळ बघत राह्यली. मंग हळूच म्हणाली, "दूध पेताना लेकरं टक लावून आत काय बघायची, ते आज कळलं."