सूटच्या दाराशी काढलेले बूट

ओटावाच्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक नवरा-बायको चक्क मराठीत बोलत होते. बायको विचारत होती, मी कान टवकारले.

"काल बाबांना हॉकी मॅचला स्टेडियममधल्या कंपनीच्या खास खोलीत, त्या सूटमध्ये नेलंस ना? आवडलं त्यांना?"

"त्यांनी दारातच बूट काढले. कार्पेट, सोफा, फ्रिज बघून म्हणाले, हे तर कुणाचं तरी घरच आहे."

"मग?"

"म्हटलं, बाबा, घाला परत, लोक बघतायत. ऐकतायत कुठले!"

"तुझा बॉस काय म्हणाला?"

"बाबांचे मोजे बघून 'सॉरी' म्हणाला आणि त्यानेही बूट काढले. मग त्याच्या बायकोने, मग सगळ्यांनीच. बाबा आपले एकेकाला सोफा दाखवतायत, 'बसा, बसा.'"

"म्हणजे अख्ख्या सूटमध्ये कुणाच्याच पायात बूट नव्हते?"

"माझ्या होते."