भाऊंचा जुना कॉम्प्युटर

माननीय अध्यक्ष अधीक्षकसाहेब, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, वहिनी, ड्यूटी बदलून खास आलेल्या माझ्या नर्स मुलींनो, आणि आजचे सत्कारमूर्ती, आपल्या एक्स-रे विभागाचे भाऊ,

मेट्रनबाईंचे भाषण म्हणजे लांबण, हे मला ठाऊक आहे. आज तसे होणार नाही. का, ते सांगते.

आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, की भाऊ व्हिडिओ गेम खेळतात? हसू नका. लेकीने शिक्षण अर्धवट सोडले, भाऊ नको ते बोलून गेले, आणि ती परगावी निघून गेली. फोनवर 'जेवलात का'च्या पुढे दोघांची गाडी जात नाही. पण संध्याकाळी आपापल्या कॉम्प्युटरवर बसून ते खेळातली एकच मासेमारीची बोट चालवतात. वहिनींकडे गेले होते तेव्हा मी ऐकले. कॉम्प्युटरमधून लेक ओरडत होती, "अहो बाबा, खडक! डोळे मिटून चालवता का?" आणि भाऊ म्हणत होते, "तू जाळे सांभाळ, शहाणे!" मला तिथेच भरून आले.

तो कॉम्प्युटर म्हणजे घरघरणारा म्हातारा. म्हणून निरोपाची भेट मीच ठरवली, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल. आमच्या स्टाफ नर्स म्हणाल्याही, "मेट्रनबाई, आधी भाऊंना विचारूया का?" मी म्हटले, "विचारले तर गंमत काय राहिली?" आज सकाळी भाऊ ड्यूटीवर असताना वहिनींना गळ घातली आणि जुना कॉम्प्युटर त्याच्या बदल्यात दुकानात देऊन टाकला.

मघाशी इथे हार आणत होते, तेव्हा मला भाऊंच्या लेकीचा फोन आला. मी हौसेने बातमी दिली.

"मावशी, या खेळात कन्सोलवाल्यांना कन्सोलवालेच भेटतात. मी कॉम्प्युटरवर आहे. बाबा मला दिसणारच नाहीत."

"अगं, इंटरनेट तर एकच ना?"

"एकच, पण कन्सोलवर सगळे कंपनीच्या सर्व्हरवरून चालते, वर्गणी भरून. आमची बोट, आमचे बंदर बाबांच्या कॉम्प्युटरवर आहे. तो चालू असला तरच मला आत येता येते."

एका बापलेकीची बोलायची जागा मी बदल्यात देऊन आले. मी ख्रिस्ती नन सिस्टर लोकांच्या शाळेत शिकले. कानात कबूल केलेली चूक अर्धीच, असे आमच्या मदर म्हणायच्या. म्हणून इथे, सर्वांसमोर सांगते आहे. भाऊ, खाली बघू नका. मला रागवा.

दुकानदाराला फोन केला आहे. यंत्रातले काही अजून पुसलेले नाही, पण दुकान बंद व्हायच्या आत यंत्राच्या मालकाने स्वतः येऊन मागायला हवे. ड्रायव्हर गाडी काढून उभा आहे.

तेव्हा अध्यक्षमहाराज, मानपत्र आहे, आपले भाषण आहे, ते सारे आम्ही सत्कारमूर्तींच्या गैरहजेरीत मनापासून ऐकू. आपण सर्वांनी ऐकून घेतलेत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल तर पोटात घाला; केले ते मात्र इतक्यात घालू नका.

उठा भाऊ. हार गाडीत काढा.