शंभर टक्के खंबीर

नाही, बसा, लेनक्स, आलाच आहात तर बसा. चार पत्रं आली तुमच्या प्रशिक्षण विभागाची, मी एकालाही उत्तर दिलं नाही, म्हणून आता माणूसच धाडला – असंच ना? सगळ्या हॉस्पिटलात फक्त छातीच्या वॉर्डाच्या मुख्य बाईंनी तो मन खंबीर करायचा कोर्स पुरा केलेला नाही. डॉक्टर उना गथ्री, अठ्ठावीस वर्षं नोकरी, पण मन खंबीर असल्याचा कागद नाही. कबूल. म्हणजे अगदीच हात लावला नाही असं नाही – पहिला धडा पाहिला मी. एक बाई, मागे धबधबा, आणि बाई म्हणते, श्वास हळूहळू आत घ्या. अहो, माझ्या वॉर्डात एकतीस माणसं पडलीयेत, त्यांचं सगळं भांडण त्या श्वासाशीच आहे, आणि ही मला शिकवतेय. मग म्हणे एक बरणी घ्या आणि रोज एका चांगल्या गोष्टीची चिठ्ठी तिच्यात टाका. मग प्रश्न. तुमच्या हातून – तुमच्यासमोर, तुमच्यासमोर रुग्ण दगावला, तर आधी काय कराल? पर्याय चार. दहा श्वास, थोडं चालणं, पाणी पिणं, मित्राशी बोलणं. त्याच्या बायकोला खालून बोलावून आणणं – हा पर्यायच नाही. मी ते बंद केलं आणि राउंडला गेले.

तुम्ही म्हणाल, एवढं काय चिडायचं, पाऊण तासाचं तर काम. खरंय. इशबेलने पाऊण तासातच केलं होतं. इशबेल किनियर – नाव माहीत असेल तुम्हाला. नाही? तुमच्या यादीत असेल की, शंभर टक्के गुण. सव्वीस वर्षांची डॉक्टर, माझ्याकडे दुसरंच वर्ष, पेशंटशी बोलताना खाटेच्या कडेला बसायची, उभ्याने बोलायची नाही. जानेवारीतला गुरुवार. दोन डॉक्टर आजारी, बदली कुणी नाही, एकतीस खाटा आणि ही एकटी पोरगी. कोपऱ्यातल्या खाटेवर पीट्री म्हणून बस चालवणारा माणूस, चौपन्न वर्षांचा. नर्सने तिला तीनदा बोलावलं, पण ही दुसऱ्या टोकाला एका म्हातारीच्या छातीत नळी घालत होती, ती सोडून कशी जाणार? पोचली तेव्हा पीट्री संपला होता. त्याची बायको खाली कँटीनमध्ये सूप पीत होती. तिला सांगायलाही इशबेलच गेली, आणि परत येऊन राहिलेले पेशंट तपासले तिने. सगळे.

पाचला ती या दारात उभी राहिली, अंगात कोट होता. म्हणाली, "डॉक्टर गथ्री, मला उद्या जमणार नाही." माझ्यासमोर ड्युटीचा तक्ता होता. शुक्रवारच्या रकान्यात तिचं एकटीचं नाव – ते खोडलं तर काय लिहू? तुम्ही सांगा, काय लिहायचं? मी मुख्य आहे म्हणजे माझ्या खिशात डॉक्टर असतात का? मी म्हटलं... मी म्हटलं, "तो नवा ऑनलाइन कोर्स केलास का?" ती म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "मग आजच कर, बरं वाटेल. आणि उद्या आठला ये." असं बोलले मी. धबधबा मी तोवर पाहिलेलाही नव्हता, नुसतं तुमचं पत्र वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी आठला दहा मिनिटं कमी असताना ती आली. सर्टिफिकेट छापून आणलं होतं, इथे टेबलावर ठेवलं, सरळ करून ठेवलं, आणि वॉर्डात गेली. अकरा आठवडे काम केलं. एप्रिलमध्ये दोन ओळींचं पत्र दिलं, आणि डॉक्टरकीच सोडली.

थांबा, अजून आहे. पीट्रीच्या बायकोने तक्रार केली, करणारच, तिच्या जागी मीही केली असती. चौकशी बसली. वरून कागद आला – एकटीला वॉर्ड का दिला, याबद्दल चकार शब्द नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. लिहिलं काय, तर संबंधित डॉक्टरला मानसिक आधाराचं प्रशिक्षण देण्यात आलं होतं आणि तिने ते यशस्वीरीत्या पूर्ण केलं होतं. सोबत ते सर्टिफिकेट. तारखेचा कोपरा दुमडून झेरॉक्स काढलेली, म्हणजे ते माणूस मेल्यानंतरचं आहे हे कुणाला दिसू नये. खाली सही हवी होती वॉर्डप्रमुखाची.

कुणाची म्हणजे? वॉर्डप्रमुख कोण आहे इथे? केली. दोन दिवस कागद ठेवून घेतला आणि मग केली. असं काय बघताय – तुमचाच विभाग ते सर्टिफिकेट देतो.

गेल्या रविवारी गेले होते तिच्याकडे. शहराबाहेर रोपवाटिका आहे, तिथे काम करते, हात मातीने भरलेले. चहा दिला, लोणी लावून स्कोन दिला, मी सहीचं सांगितलं. वाटलं, अंगावर येईल, मला बरं वाटेल. ती म्हणाली, "सहीचं ठीक आहे हो. पण त्या दिवशी मी दारात उभी होते, तुम्ही तक्त्यावरून मान वर केली नाहीत." मग कुणीतरी गुलाबाचं खत मागितलं, ती उठून गेली.

काय? पुन्हा म्हणा. माझ्या नावापुढे ‘पूर्ण’ असं तुम्हीच लिहून टाकाल? मी बघायचीही गरज नाही, सगळे तसंच करतात? – अहो, किळस येते मला, तुमची नाही, तुम्हाला कशाला बोलू... तीन वॉर्डप्रमुखांचं तुम्हीच केलंत. बरं.

आणि आता हे काय वाचताय कागदावरून? मला सध्या कसं वाटतंय? हे तुम्ही विचारताय, लेनक्स, की फॉर्मवर आहे?

हं. फॉर्मवर आहे. मग लिहा, बरी आहे. आणि निघा, माझा राउंड राहिलाय.