आबांची मुलाखत

दौंडच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर डिझाइन शिकणारी एक मुलगी आणि तिचे आबा बसले होते.

“प्रांजल, झेंडूच्या क्रेटसाठी तू माझी मुलाखत घेतली व्हती, तिचं काय झालं?”

“सर म्हणाले, हा शेतकरी एआयनं बनवलाय. परत कर.”

“मी तर म्हणलं, क्रेटच्या कडेनं बोटं कापत्यात.”

“खरा शेतकरी एवढंसं बोलत नाही म्हणे.”

“मग?”

“मग एआयकडूनच एक शेतकरी लिहून घेतला. तो आभाळाकडं बघून डोळे पुसतो. सरांना लई आवडला.”

“आन् क्रेट?”

“ते राहिलं. त्या शेतकऱ्यासाठी ॲप केलं.”

“त्याची बोटं कापत न्हाईत व्हय?”

“त्याला क्रेट उचलावं लागत नाही, आबा.”