मंजीच्या बाबाचं भाषण

— नाही नाही, घरातच हायेत, न्हानीत हात-पाय धुऊन राह्यले. बसा तुमी, भाऊ. शेगावच्या सभेचं आमंत्रण घेऊन आले ना तुमी? आता आमचा जळगाव तालुका सोडून शेगावलेही बोलायले जातीन म्हना! — हो, देवी टोचून घ्या, तेच भाषण ना? दुसरं कोनी मांगतच नाही. चांगलंच हाय ते, मी कुठी वाईट म्हनते — त्या भाषणापायी गावोगावच्या बाया लेकरं घेऊन टोचनाऱ्याकडे गेल्या, म्या डोळ्यानं पाह्यलं.

तुमाले खोटं वाटन, पन ह्या मानसाले तोंडच नव्हतं. लोकल बोर्डात निवडून आले, अन् पह्यल्याच सभेत उभे राह्यले तं घशातून आवाज निघेना — सारे हासले. मंग इथल्या वक्तृत्व मंडळात नाव घातलं. दर आइतवारी वाचनालयात एकजन बोलते, अन् त्याचं बोलनं झालं का दुसरा उठून त्याच्या चुका सांगते, तोंडावर! हे घरी येत ते तोंड एवढंसं करून. मंग आंगनात उखळावर मंजीले बसवत — आमची एकुलती एक पोरगी, मंजुळा, आठ वर्साची — अन् तिच्यापुढं बोलत. ती पोट्टी मोठी जालीम! 'बाबा, हात कापून राह्यला तुमचा.' 'बाबा, खाली काऊन पाहता, मी वर हाय.' त्याइच्या आधी तिलेच भाषण पाठ होये. मी भाकरी थापता थापता हासत राहो. त्याइले तोंड फुटलं ते मंडळात नाही, भाऊ, त्या उखळापाशी फुटलं.

मंग तिले देवी निघाल्या. अन् गेली.

तिच्यावर पह्यल्यांदा बोलले तवा साधंच बोलले — पोरीले टोचून घेतलं नाही, पोरगी गेली, बस. मंडळातल्या नारायणरावानं उठून चुका सांगितल्या, का भाषण चांगलं, पन शेवट कच्चा राह्यला. कच्चा म्हने! माह्या पोरीचा शेवट! — मंग तो पक्का शेवट आला, तुमी ऐकलाच असन. मंजी बाबाच्या मांडीवर डोकं ठेवते अन् म्हनते, 'बाबा, बाकीच्या लेकरायले तरी वाचवा.' तिथी हे थांबतात, पान्याचा गिलास उचलतात, बाया पदर डोळ्याले लावतात. मी बी बसली होती बायायमधी, मले रडू नाही आलं, नुसता जीव जळत राह्यला. — काऊन म्हनजे? अहो, मांडी माही होती! हे तवा घरी कुठी होते? मंडळात होते, बक्षिसाच्या भाषणाले. ताप उतरल्यासारखा वाटला म्हनून गेले, त्याइचा दोष नाही. पन आजवर एक वेळ मले इचारलं नाही, का ती काय बोलली. अन् आता गावातल्या बायाच मले सांगतात, मंजी काय म्हने ते.

काय म्हने? — अंबूबाई शेजारची, तिले म्या म्हनलं, जाय वं, पळ, बलावून आन त्याइले. तं मंजीनं माहा हात धरला. म्हने, 'नको वं माय, आज बाबाची पाळी हाय. मधात उठले तं सारं विसरून जातीन.' — एवढंच. मंग पानी बी नाही मांगितलं.

हे — हे तुमी नाही सांगायचं त्याइले. काऊन निंघालं माह्या तोंडून, कोन जाने. ऐकलं तं एक तं मानूस मरून जाईन, नाही तं शेगावात उभं राहून सांगन. दोन्ही मले नाही पाहवनार, भाऊ. तुमी आपलं म्हना, तोच शेवट सांगा, तोच चांगला हाय — आले पाहा. अहो, शेगावचे पाहुने आले. बसा, बोला तुमी. मी च्या ठेवते.