ट्रॅक्टर रंगवू नका म्हनलं

मी मूळचा वरकुट्याचा, इंदापूरकडचा. बाप मोट हाकायचा, मीबी बैलामागंच वाढलो, आन मग पाटाच्या पान्याला कामं लई म्हनून कन्हेरीत येऊन दादांच्या रानात गडी ऱ्हायलो. दादा म्हंजी मालक. लढाई संपल्यावर तेंनी कुठनंतरी वापरलेला ट्रॅक्टर आनला, निळा, अर्धा रंग तवाच उडालेला. मला म्हनले, बस. म्या म्हनलं, मला बैल कळत्यात, ह्ये न्हाय कळत. म्हनले, बैलबी तू आईच्या पोटातनं शिकून आला नव्हतास, बस. सोता मागच्या दांडीवर हुबं ऱ्हायचे, डाव्या हातानं मडगार्डची कड धरायची, आन नांगराचं तास वाकडं गेलं की उजव्या हातानं माझ्या पाठीत गुद्दा. सात वरसं असं चाललं, पाठ मोडली पन तास सरळ झालं. धरून धरून त्या मडगार्डचा रंग गेला, लोखंड उघडं पडलं, चार बोटांएवढं, गुळगुळीत.

मग दादा तापानं गेले, आठ दिसांत. कारभार धाकट्या भावाकडं आला, तात्यांकडं.

आता काय सांगू तुमाला गुरुजी, तात्या मानूस वाईट न्हाय. पन तेंच्या पोरीचं लगीन ठरलं आन डोस्क्यात घेतलं की नवरदेव येशीपासनं ट्रॅक्टरवर आनायचा, त्योबी लालभडक रंगवून. म्या म्हनलं रंगवू नका. का? म्हनलं, रंगाखाली चीर झाकती, त्याल कुठनं गळतंय ते कळत न्हाय. ह्ये खोटं नव्हतं. दर पंधरवड्याला मी राकेलाच्या फडक्यानं चिखल पुसायचो, वरनं जवसाचं त्याल चोळायचो, हलक्या हातानं, हाय तो रंग ऱ्हावा आन उघड्या लोखंडाला गंज लागू नये म्हनून. तात्या म्हनले, अरं ट्रॅक्टर हाय का बायको? गडी हसले. माझी बायकोबी हसली, म्हनली, एवढं त्याल माझ्या डोक्याला कवा घातलं? बारामतीच्या बाजारात भाजी उतरवताना हमाल इचारायचे, ह्ये भंगार कुठनं उचललं. एकाला सांगून झालं की दुसरा हुबाच. आन खरं कारन सांगू कसं? गड्यानं मालकाला मेलेल्या मालकाचा हात कुठं दाखवायचा?

आईला बघाया वरकुट्याला गेलो, तेवढ्यात तात्यांनी बैलगाड्या रंगवनारा पेंटर आनला. येऊन बघतो तर आख्खं बॉनेट लाल, आन पेंटर पॉलिशपेपर घिऊन मडगार्ड घासाया बसलेला. म्या तेचा हात धरला. तात्या वरडले, कामावरनं काढीन. म्हनलं काढा, पन ह्ये घासू नका. का, बोल की, का? म्या पेंटरचा हात काय सोडला न्हाय.

तवा दादांचं कुटुंब, आमच्या थोरल्या बाई, सोप्यातनं खाली आल्या. दादा गेल्यापासनं तीन वरसं बाई गड्यामानसांत आल्या नव्हत्या. आल्या, पदर सारखा केला, आन सरळ त्या उघड्या लोखंडावर बोटं ठिवली. म्हनल्या, मी दारातनं रोज बघायची, ह्यांचा हात हितं असायचा. मग तात्यांकडं वळून म्हनल्या, भावजी, लगीन पोरीचं हाय, ट्रॅक्टरचं न्हाय. तोंड लाल केलं तेवढं पुरं.

तात्या खाली बसले, लोखंड निरखून बघितलं, पेंटरला म्हनले आवर तुझं. आन मला म्हनले, गाढवा, मला सांगायचं न्हाय व्हय? आता बोला! तोंड लाल, मागनं निळा, असल्या ट्रॅक्टरवर नवरदेव आला, वऱ्हाड पोट धरून हसलं, पन लगीन झालं झोकात.

पन गुरुजी, खरा ताप तितनं फुडं सुरू झाला. बाई परत सोप्यात गेल्याच न्हाईत. थेट रानात याया लागल्या. आता रोज बांधावर हुब्या. तास वाकडं गेलं म्हनत्यात, नांगर वर लागतोय म्हनत्यात, भेंडीच्या सऱ्या अशा का आन तशा का. जन्मात कासरा धरला न्हाय आन मला नांगरट शिकवत्यात! परवा आख्खं वावार परत नांगराया लावलं. नांगरलं की, करतो काय. चिडचिड होती, खोटं कशाला बोलू. पन देवानं तेंना उदंड आयुक्ष द्यावं, आन मला तेंचं ऐकून घ्यायला कान.