माणसं बसल्याशिवाय बोल्ट आवळायचा नाही

मंडळी, तो माईक राहू द्या बाजूला. माझा आवाज घाटात हॉर्नच्या वर जातो, या पत्र्याच्या शेडमध्ये काय अडणार? अडतंय ते दुसरंच. सुपडूभाऊंच्या फोटोला हार घातलेला बघवत नाही. आणि फोटो तरी कोणी निवडला हो? या माणसानं जन्मात शर्टाचं वरचं बटण लावलं नाही आणि इथं कोट घालून बसलाय! कोट कोणाचा आहे ते नंतर सांगा मला.

मी विमल. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून चोपड्याला माणसं नेते, आणते. जीप माझी, चालवते मीच. शाळा चौथीत सुटली, भाषण काही येत नाही. नामदेवनाना, म्हणजे भाऊंचे थोरले बंधू, धुळ्याहून आलेत, ते म्हणाले, "बाई, दोन शब्द बोल आणि बस." बसते नाना. पण मला जे सांगायचंय ते दोन शब्दांत मावत नाही.

आत्ता दोघं-तिघं बोलून गेले की सुपडूभाऊ देवमाणूस होते. कुठले देवमाणूस? खडूस होते! गाडीच्या कमानीच्या कामाला अख्ख्या अमळनेरात असा खडूस मिस्त्री नव्हता, म्हणून तर चोपडा सोडून मी इथं, त्यांच्या या शेडमध्ये यायची.

पहिल्यांदा आले ते जीप उंच करायला. आमच्या वाटेवर दगड असे की जीपचं पोट घासायचं. मी म्हणाले, "भाऊ, चांगली वीतभर चढवा." त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, मग माझ्याकडं बघितलं. "विमलबाई, तुम्हले जीप पाहिजे का उंट?"

चार बोटं चढवली. त्याच्यावर एक बोट नाही. लांब शेकल टाकली की चढावर स्टेअरिंग हातात राहत नाही, म्हणाले. आता शेकल म्हणजे काय, हे इथल्या बायांना माहीत नसेल. झोपाळ्याची कडी असते ना, तशी. कमान म्हणजे चाकावरच्या त्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या, तिचं एक टोक या कडीला टांगलेलं असतं. गाडीवर वजन आलं की कमान सपाट होते, म्हणजे लांब होते. त्या लांबीला सरकायला जागा नको का? ती जागा शेकल देते. ती अशी पाहिजे, जरा मागं पाय टाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. ताठ नको. आडवी तर नकोच नको.

संध्याकाळ झाली. कमानी बसल्या, शेकल बसली. मी म्हटलं, आवळा बोल्ट, निघू द्या. तर हा माणूस पाना खाली ठेवून हात पुसायला लागला! जीप जॅकवरून उतरवली आणि मला विचारतो काय, "विमलबाई, तुम्हनं वजन कितलं शे?"

हसू नका. मी तेव्हा हसले नव्हते. मी म्हटलं, "तुमच्या घरात बायकांना असं विचारतात का?" तर आतून त्यांच्या घरच्या, इंदूअक्का, ओरडल्या, "माले तर रोज इचारस!"

मग कळलं. हवेत बोल्ट आवळला की आतलं रबर तिथंच धरतं. गाडी खाली आली की ते पिळतं. पिळलं की फाटतं. म्हणून गाडी जमिनीवर पाहिजे, वर वजन पाहिजे, मग आवळायचं. मी म्हटलं, "मग पोती टाका चार. माणसं कशाला गोळा करता?"

"पोतं गप पडस," भाऊ म्हणाले. "माणूस हालस. तुम्ही पोतं लई जातस का माणसं?"

आणि मग उभे राहिले रस्त्यावर, आणि दिली हाक. ती हाक तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय. "बठ्ठा बसा, मंग आवळसू!" सगळे बसा म्हटल्यावर समोरून चहावाला गोकुळ आला, गिऱ्हाईक तसंच टाकून. शेजारच्या पीठगिरणीतली माणसं आली, पांढरी फट्ट. बाजारातून जाणाऱ्या दोन म्हाताऱ्या, त्यांनाही चढवलं. त्यांना वाटलं गाडी दोंडाईच्याला चालली! एक विचारते, "कव्हय निंघी?" भाऊ खालून म्हणतात, "नही निंघाव. हाला जराशा." आणि सगळे हालतायत जागच्या जागी, गोकुळ तर असा नाचतोय जशी वरात चाललीय. भाऊ खाली निजलेले, हातात पाना. बाजूला चाकापाशी उकिडव्या इंदूअक्का. शेकल कशी उभी राहिली ते अक्का बघायच्या. त्या म्हणाल्या "बरी शे", की पाना फिरायचा. त्या नाही म्हणाल्या की पुन्हा सगळे हाला.

हात वर करा बरं. या शेडमध्ये जीपमध्ये वजन म्हणून कोण कोण बसलंय?

बघा. बघा नाना, मागं वळून बघा. मोजायचे राहू द्या, खाली कोणाचा आहे तेवढं बघा. फक्त तुमचाच.

आता मुद्द्याचं. माझी जीप बाहेर उभी आहे, येताना सगळ्यांनी बघितली. या खेपेला जुन्या कमानी बदलायला आणली होती. भाऊंनी त्या संध्याकाळी नव्या बसवल्या, शेकल बसवली, आणि अंधार पडला म्हणून म्हणाले, "सकाय माणसं गोया करस, मंग आवळसू." सकाळ झाली. इंदूअक्कांनी चहा ठेवला. भाऊ उठलेच नाहीत.

तेव्हापासून बोल्ट सैल आहेत. तिकडं पाड्यावरची माणसं बाजाराला पायी उतरतायत. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, डोक्यावर ओझी घेऊन. उद्या बाजार आहे. मला उद्या वर जायचंय.

आणि नाना सकाळी मला म्हणाले, गेलेल्या माणसाचं अर्धं काम त्याच्या अंगणात पुरं करू नये, जीप टोचन करून धुळ्याला न्या. शेडला आज कुलूप लागेल, इंदू आमच्याबरोबर येईल. नाना, तुम्ही थोर आहात, वाकून नमस्कार. पण सैल शेकलवर जीप ओढत धुळ्याला नेली तर भाऊ वरून पाना फेकून मारतील. तुम्हाला नाही, मला.

आणि एक सांगते. मघाशी तुम्ही सतरंज्या टाकत होता तेव्हा मी अक्कांना बघितलं. हातात फुलांचं ताट, डोक्यावर पदर, आणि बाई माझ्या जीपच्या चाकापाशी उकिडव्या बसलेल्या. मी जवळ गेले. वाटलं रडतायत. तर मला म्हणतात, "विमल, मागली डावी शेकल जराशी ताठ दिखस. वर माणसं बसनी की पडी मागे."

हे ज्या बाईला दिसतं, तिच्या शेडचं कुलूप तिला विचारून लावा. बस, एवढंच. त्याच्यात मी पडत नाही.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचं असतं, माहितीय मला. पण भाऊंसाठी उभं राहून काय उपयोग? त्यांना माणसं बसलेली लागायची. म्हणून माझं मागणं आहे, सगळ्यांनी बाहेर चला आणि जीपमध्ये बसा. गोकुळ, तू मागं, चाकाच्या वर, तुझी जागा ठरलेली आहे. नाना, तुम्ही माझ्या जागी, स्टेअरिंगपाशी. वजन आपलं सारखंच आहे, लाजू नका. ज्यांना जागा मिळणार नाही ते बाजूला उभे राहतील. पाना मी धरते. बघतील अक्का. बसा, हाला जरा, आणि मग तोंड बंद. कोणी खोकायचं पण नाही. अक्का "बरी शे" म्हणेपर्यंत पान्याशिवाय कसलाही आवाज नको.

तीच आपली शांतता.

सुपडूभाऊ, रामराम. काळजी करू नका. बठ्ठा बसतीन. मंग आवळसू.